वायुदूत : एकोणीस आसनांचं विमान

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपल्या शाळेच्या दिवसांतलं कोल्हापूर' असा विषय दिला, तेव्हा बहुतेकांनी रंकाळा, शाहू खासबाग आणि दूध कट्टा आधीच वाटून घेतला असणार याची मला खात्री होती. म्हणून मी कुणाच्या वाट्याला न येणारा विषय निवडला. आपण माध्यमिक शाळेत असताना उजळाईवाडीच्या माळावर उतरणारं ते लहानसं विमान आणि ते चालवणारी 'वायुदूत' ही कंपनी. सोळा वर्षांत ही कंपनी जन्मली, देशभर पसरली आणि पुसलीही गेली. तिची गोष्ट आपल्या गावाच्या गोष्टीत कुठे बसते, ते थोडक्यात मांडतो.

उजळाईवाडीला विमान नवीन नव्हतं. छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात १९३९ साली विमानतळ सुरू झाला. जे. आर. डी. टाटांनी कराची ते मुंबई टपालाचं विमान उडवलं ते १९३२ साली. म्हणजे देशातल्या विमानसेवेला जेमतेम सात वर्षं झाली होती, तेव्हा आपल्या संस्थानाने धावपट्टी बांधली. आज विमानतळाला राजाराम महाराजांचं नाव आहे, ते यासाठीच.

पुढे १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. देशांतर्गत उड्डाणं करणाऱ्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स तयार झाली. तिची विमानं पुढे मोठी होत गेली. बोइंग ७३७ आलं, एअरबस आली. मोठ्या विमानाला लांब धावपट्टी लागते आणि शंभरावर प्रवासी लागतात. साहजिकच लहान गावं हळूहळू वेळापत्रकातून बाहेर पडली.

वायुदूतचा जन्म मात्र आपल्यासाठी झाला नव्हता, ईशान्य भारतासाठी झाला होता. फाळणीनंतर कोलकाता आणि आगरतळा यांच्यामध्ये परका देश आला. सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आत असलेलं गाव गाठायला सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून, गुवाहाटीमार्गे दीड हजार किलोमीटरहून जास्त वळसा पडायचा. अरुणाचल, मेघालय, त्रिपुरा इथल्या माणसांना विमान ही चैन नव्हती, ती एसटीची जागा होती. म्हणून इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून जानेवारी १९८१ मध्ये वायुदूत स्थापन केली आणि त्याच प्रजासत्ताक दिनी तिचं काम सुरू झालं.

सुरुवातीला तिच्याकडे फॉकर आणि अॅव्हरो अशी जुनी विमानं होती. १९८४ पासून जर्मन बनावटीची डॉर्नियर २२८ आली. हेच विमान पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यात परवान्याने बनू लागलं. पंख वर, त्याखाली दोन पंख्यांची इंजिनं, आणि आत एकोणीस आसनं. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन, त्यामुळे प्रत्येक प्रवाशाला खिडकी. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, म्हणून विमान फार उंच जात नसे. सह्याद्रीवरून येताना त्यातल्या माणसाला प्रत्येक ढग पोटात जाणवायचा. पण याच विमानाला आखूड धावपट्टी पुरत होती, आणि तिथेच कोल्हापूरचं नशीब उघडलं.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात वायुदूत कोल्हापूरला येऊ लागली. त्या वेळी मुंबईला जायचं म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढायची किंवा एसटीने खंबाटकी उतरायचा. हे विमान ते अंतर तासाभरात कापायचं. आपल्यातले किती जण त्यात बसले? माझ्या माहितीत वर्गातला एकही नाही. बसायचे ते शिरोलीचे फौंड्रीवाले, इचलकरंजीचे व्यापारी, पुढारी आणि कधीमधी एखादा सिनेमावाला. आपण रविवारी सायकली हाणत उजळाईवाडीला जायचो आणि कुंपणाला नाक लावून उभे राहायचो. विमान आलं की मिनिटभर बडबड थांबायची. विमान न येताच परतण्याचे दिवसही होतेच. पावसाळ्यात ढग खाली उतरले की वेळापत्रकावर कुणी विसंबत नसे, आणि रात्री उतरण्याची सोय तर तेव्हा नव्हतीच.

तरीही एक गोष्ट घडली होती. भूगोलाच्या तासाला नकाशावर मुंबईतून निघालेली एक रेघ आपल्या गावाशी येऊन थांबत होती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना त्याचा केवढा अभिमान वाटायचा, हे आज आपल्या मुलांना समजावणं कठीण आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वायुदूतची ठिकाणं शंभराच्या आसपास गेली होती. वाढ झाली, पण पाया तितका रुंद नव्हता. हिशेब साधा आहे. बोइंगला दोन वैमानिक लागतात आणि डॉर्नियरलाही दोनच. धावपट्टी, अग्निशमन, हवामानाची माहिती, तिकिटाची खिडकी हे सगळं दोघांनाही लागतं. पण एकीकडे खर्च वाटून घ्यायला शंभरावर प्रवासी आणि दुसरीकडे भरून भरून एकोणीस. त्यातली आठ आसनं रिकामी गेली की सगळं गणित कोसळतं. ही तूट कोणी भरायची, हा प्रश्न शेवटपर्यंत नीट सुटला नाही. सेवा सामाजिक गरज म्हणून सुरू झाली आणि तोटा मात्र कंपनीच्या वहीत साठत राहिला.

अपघातांनीही घाव घातले. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी सिल्चरहून निघालेलं फॉकर विमान गुवाहाटीजवळ पडलं आणि त्यातले ३४ जण गेले. त्याच दिवशी अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग कोसळल्यामुळे या अपघाताची आठवण मागे पडली. पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर १९८९ रोजी, पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळलं. ११ जण होते, कोणीही वाचलं नाही. सोलापूर रस्त्याने जाताना उजनीचं पाणी दिसतं. तिथे फ्लेमिंगो बघायला थांबणाऱ्यांनी त्या अकरा जणांनाही क्षणभर आठवावं, असं मला वाटतं.

नव्वदच्या दशकात वारं बदललं. खासगी कंपन्या आल्या, १९५३ चा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. त्याआधीच १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला होता, आणि १९९७ पर्यंत तिचं वेगळं अस्तित्व पूर्ण संपलं. नव्या खासगी कंपन्यांनी फक्त फायद्याचे मार्ग घेऊ नयेत म्हणून सरकारने १९९४ मध्ये नियम केला की मोठ्या मार्गांवरच्या क्षमतेचा ठरावीक हिस्सा ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर आणि बेटांसाठी वापरायचा. कोल्हापूरसारखी गावं मात्र पुन्हा मोठ्या शहरांच्या मेहरबानीवर राहिली. मधे कंपन्या आल्या, गेल्या. माळावर गवत वाढलं, कापलं, पुन्हा वाढलं.

२०१७ मध्ये 'उडान' योजनेची पहिली विमानं उडाली. त्या पहिल्या दिवशी, २७ एप्रिलला, आपल्या नांदेडहून हैदराबादची सेवाही सुरू झाली. २०१८ मध्ये कोल्हापूरचा नंबर लागला. वायुदूत आणि उडान यांतला फरक असा की आता तूट कोणी भरायची हे आधीच लिहिलेलं असतं. तीन वर्षं मदत मिळते आणि तिचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून येतो. तरी महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी मदतीची मुदत संपल्यावर टिकले ते ५४. म्हणजे एकोणीस आसनांचं जुनं गणित अजून सुटलेलं नाही.

हे मी उगाच लिहीत नाही. आज आपल्या बॅचमधले निम्म्याहून अधिक जण पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत, आणि आपले आई-वडील अजून ताराबाई पार्कात, राजारामपुरीत, शुक्रवार पेठेत आहेत. रात्री अकराला फोन आला तर सकाळी किती वाजता पोहोचता येईल, हा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकाने केला आहे. गावाला विमान हवं की नको, हा आपल्यासाठी प्रतिष्ठेचा प्रश्न उरलेला नाही. वायुदूतला तिच्या तोट्यावरून हसणं सोपं आहे. पण लहान गावातल्या माणसाच्या वेळेलाही किंमत असते, हे तिने सगळ्यांआधी गृहीत धरलं होतं.

आणि एक शेवटची नोंद. १२ एप्रिल २०२२ रोजी कानपूरला बनलेलं डॉर्नियर २२८ दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला प्रवासी घेऊन गेलं. वायुदूत ज्या प्रदेशासाठी जन्मली, तिथेच तिच्याच जातीचं विमान पुन्हा उडू लागलं आहे. या वेळी ते टिकावं, एवढीच इच्छा.