वारेची जागा : एका प्रश्नाचा इतिहास

मराठीत वार ‘पडते’. मूल जन्मल्यावर घरातील वडीलधारी बाई सुईणीला विचारी ते हेच : वार पडली का? ती आत अडकून राहिली तर बाळंतीण रक्तस्रावाने दगावण्याची भीती असे. म्हणजे आपल्या भाषेने या अवयवाची दखल घेतली ती त्याचे काम संपल्यावर. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नाभीला नाडी, नाडीला अपरा आणि अपरा मातेच्या हृदयाशी जोडलेली, असे वर्णन येते; न पडलेली अपरा पाडण्याचे उपायही तेथे आहेत. परंतु प्रसूतीपूर्वी वार गर्भाशयात नेमकी कोठे चिकटली आहे, हे पाहण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. जे दिसत नव्हते त्याविषयीचे तर्क मुलगा की मुलगी, या प्रश्नाभोवती फिरत राहिले. उजवी बाजू पुत्राची, डावी कन्येची, हा संकेत आपल्या वैद्यकग्रंथांत आहे, तसाच प्राचीन ग्रीक विचारातही.

युरोपातही दीर्घकाळ समज असा होता, की गर्भाशयमुखाशी हाताला लागणारी वार वरून सुटून खाली पडलेली असते. ती मुळातच तेथे चिकटलेली असू शकते, हे पॅरिसच्या पॉल पोर्ताल याने 1685 साली नोंदवले. इंग्लंडच्या एडवर्ड रिग्बी याने 1775 मध्ये अपघाती आणि अटळ अशा दोन रक्तस्रावांतील भेद स्पष्ट केला. वार मुखावरच असेल, तर मुख उघडताना ती सुटणारच. म्हणून हा रक्तस्राव अटळ. निदान मात्र बोटाने चाचपूनच होई, आणि त्या चाचपण्यानेच रक्ताचा लोंढा सुरू होण्याचा धोका असे.

ही कोंडी फुटली ती एका कारखान्याच्या मदतीने. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी 1955 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी रेन्फ्र्यू येथील बॉयलरच्या कारखान्यात नेल्या आणि धातूतील तडे शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र त्यांवर चालवून पाहिले. 1958 मध्ये त्यांचा सहकाऱ्यांसह लिहिलेला निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या दशकात या लहरींनी वारेची जागा दिसू लागली. भोसरीच्या वाचकाला हे नाते परके वाटू नये. यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या उद्योगाला ओतीव लोखंडातील तडा असाच, न फोडता शोधावा लागतो.

आज त्याच भोसरीत मराठवाड्या-विदर्भातून कामासाठी आलेल्या कुटुंबांच्या हाती सोनोग्राफीचा इंग्रजी रिपोर्ट पडतो. त्यात वार पुढच्या भिंतीवर, मागच्या भिंतीवर, वरच्या टोकाला की खाली, एवढेच लिहिलेले असते. पुढची असो वा मागची, दोन्ही जागा स्वाभाविक आहेत. पुढे असली तर बाळाची हालचाल थोडी उशिरा जाणवते, इतकेच. महत्त्वाचे असते ते गर्भाशयमुखापासूनचे अंतर. विसाव्या आठवड्याच्या सुमारास खाली दिसलेली वार गर्भाशय वाढते तशी बहुतेक वेळा वर सरकते. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा पाहतात. तेव्हाही ती मुख झाकत असेल तर सिझेरियन करावे लागते. पूर्वीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार चिकटली असेल, तर धोका अधिक. अशी प्रसूती रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावी. न दुखता रक्त दिसले, तर वाट पाहू नये.

परंतु अनेक घरांत ही ओळ वेगळ्याच डोळ्यांनी वाचली जाते : मागे असेल तर मुलगा, पुढे असेल तर मुलगी. जुनेच उजवे-डावे येथे मागे-पुढे होऊन आले आहे. गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरते. वार कोठे रुजेल हे त्यानंतर. एकावरून दुसरे ओळखता येत नाही. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 होत्या. कायदा डॉक्टरला शब्दाने वा खुणेने लिंग सांगण्यास मनाई करतो. घरात बसून रिपोर्टमधून काढलेल्या खोट्या अर्थाला तो कसा आवरणार?

या वाचनाने दुहेरी हानी होते. एका निराधार तर्कावर एखाद्या गर्भाचे भवितव्य तोलले जाते, आणि जिच्या जिवासाठी ती ओळ लिहिली गेली त्या बाईचा प्रश्न विचारायचाच राहून जातो. वार मुखापासून किती दूर आहे, हे विचारता येण्यासाठी वैद्यकाला शतके लागली. आता उत्तर कागदावर लिहून मिळते. घराने तो प्रश्न विचारला पाहिजे.