पॅकेटसिंक

पॅकेटसिंक : एनएस-३ या मुक्तस्रोत नेटवर्क सिम्युलेटरमधील, येणारी वाहतूक स्वीकारणारे ॲप्लिकेशन. नेमून दिलेल्या पोर्टवर ते कान देऊन बसते, सॉकेटमधून आलेला डेटा वाचते, बाइट मोजते आणि डेटा टाकून देते. ते काही साठवत नाही, उलट उत्तरही देत नाही. इतके साधे असूनही प्रयोगाचा निष्कर्ष अनेकदा याच्याच आकड्यावर उभा असतो, म्हणून त्याची मांडणी नीट समजून घेणे भाग पडते.

एनएस-३ चे काम २००६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने सुरू झाले आणि पहिली आवृत्ती जून २००८ मध्ये आली. आधीच्या एनएस-२ मध्ये टीसीपीसाठी टीसीपीसिंक नावाचा एजंट असे आणि पोच पाठवण्याचे कामही तोच करी. यूडीपीची पॅकेटे नुसती गिळायला नल एजंट, मोजणी हवी असेल तर लॉसमॉनिटर. एनएस-३ मध्ये पोच आणि पुनर्प्रेषण सॉकेटमागच्या टीसीपीकडे गेले. ॲप्लिकेशनकडे उरले फक्त स्वीकारणे, त्यामुळे एकच पॅकेटसिंक दोन्ही प्रोटोकॉलना पुरतो. ऑनऑफ या वाहतूक निर्माण करणाऱ्या ॲप्लिकेशनचा जोडीदार म्हणून तो लिहिला गेला, पण कोणत्याही प्रेषकासमोर तो चालतो.

मांडणी चार-पाच ओळींत होते. पॅकेटसिंकहेल्परला सॉकेट फॅक्टरीचे नाव (टीसीपी किंवा यूडीपी) आणि पत्ता द्यायचा, तो हव्या त्या नोडवर बसवायचा, मग सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ लावायची. नवख्यांची गफलत होते ती पत्त्यात. सिंकला द्यायचा पत्ता त्याचा स्वतःचा, प्रेषकाचा नव्हे. नोडला एकापेक्षा जास्त इंटरफेस असतील तर ‘कोणताही पत्ता’, म्हणजे ०.०.०.०, देऊन फक्त पोर्ट ठरवणे सोयीचे. प्रेषकाला मात्र सिंकच्या नोडचा खरा पत्ता आणि तेच पोर्ट द्यावे लागते. मल्टिकास्ट गटाचा पत्ता दिल्यास सिंक त्या गटात सामील होतो. अशा प्रयोगांत त्याची गरज विशेष असते.

प्रोटोकॉलची जोडी जुळली नाही तर? प्रेषक यूडीपीवर बोलतो आणि सिंक टीसीपीवर ऐकतो, अशा वेळी प्रोग्राम बिनतक्रार संपतो आणि एकूण बाइट शून्य दिसतात. त्यातही एक खोच आहे. ज्या पोर्टवर कोणीच ऐकत नाही तिथे यूडीपी पॅकेट पोचले, की नोड ‘पोर्ट उपलब्ध नाही’ असा आयसीएमपी संदेश उलट पाठवतो. म्हणजे सिंक न लावता केलेल्या प्रयोगात उलट दिशेने नको असलेली वाहतूक वाढते, आणि वायरलेस जाळ्यात ती माध्यमाचा वेळही खाते. टीसीपीमध्ये सिंक सुरू होण्याआधीच जोडणीची विनंती आली तर समोरून रीसेट जातो. म्हणून सिंक शून्य सेकंदाला आणि प्रेषक त्यानंतर, हा क्रम रूढ आहे. एनएस-३ च्या पाठमालेतील ‘फिफ्थ’ या उदाहरणात सिंक ८०८० पोर्टवर ० ते २० सेकंद चालतो आणि प्रेषक १ल्या सेकंदाला जागा होतो.

खरी मेख मोजणीत आहे. सिंकला एकूण प्राप्त बाइट विचारायचे, आठने गुणायचे, वेळेने भागायचे, की थ्रूपुट मिळाले. पण कोणत्या वेळेने? ऑनऑफचा मूळ दर ५०० किलोबिट प्रतिसेकंद, पण तो एक सेकंद पाठवतो आणि एक सेकंद गप्प बसतो. शिवाय सुरुवात होते गप्प बसण्यापासून. पर्यायांना हात न लावता दहा सेकंदांचा प्रयोग चालवला, तर रिकाम्या जाळ्यातही सरासरी सुमारे २५० किलोबिट येते आणि विद्यार्थी हरवलेली पॅकेटे शोधत बसतो. संपूर्ण काळाची सरासरी काढण्यापेक्षा ठरावीक अंतराने फरक मोजणे अधिक भरवशाचे. एनएस-३ सोबत येणाऱ्या वाय-फायवरील टीसीपीच्या उदाहरणात दर १०० मिलिसेकंदांनी नवा एकूण आकडा घेऊन त्यातून जुना वजा केला जातो.

फ्लोमॉनिटर या दुसऱ्या मापकाशी सिंकचा आकडा जुळत नाही, तेव्हा दोघांपैकी एक चुकतोच असे नाही. ऑनऑफच्या ५१२ बाइटच्या यूडीपी पॅकेटला ८ बाइटचे यूडीपी आणि २० बाइटचे आयपी शीर्षक लागते. फ्लोमॉनिटर आयपी स्तरावर ५४० बाइट धरतो, सिंक ५१२. शोधनिबंधात कोणता आकडा दिला ते सांगितलेले नसेल, तर दोन अभ्यासांची तुलना साडेपाच टक्क्यांनी फसते.

पॅकेटे मोजायला सिंकचा ‘आरएक्स’ हा ट्रेस वापरतात. यूडीपीत ते ठीक आहे. टीसीपी मात्र बाइटांचा सलग प्रवाह देतो आणि त्याच्या सेगमेंटचा एनएस-३ मधील मूळ आकार ५३६ बाइट आहे. ‘फिफ्थ’मधील १०४० बाइटचे पॅकेट त्यामुळे एकसंध पोचेलच असे नाही, आणि ट्रेस किती वेळा वाजला ही पाठवलेल्या पॅकेटांची संख्या ठरत नाही. विलंब मोजायचा असेल तर क्रमांक, वेळ आणि आकार वाहणारे जादा शीर्षक चालू करता येते. मग सिंक प्रत्येक प्रेषकाचे तुकडे जोडून मूळ पॅकेट पुन्हा उभे करतो. मूळ मांडणीत हा पर्याय बंद असतो आणि तो दोन्ही टोकांना चालू करावा लागतो. केवळ सिंककडे चालू केला, तर साध्या डेटाचेच पहिले बाइट शीर्षक म्हणून वाचले जातात.

ओम्नेट++ च्या इनेट संग्रहात हेच काम यूडीपीसिंक आणि टीसीपीसिंकॲप करतात. तिथे पोर्ट आणि ॲप्लिकेशनचा प्रकार आयएनआय फाइलमध्ये लिहिता येतो, त्यामुळे पोर्ट बदलायला सी++ प्रोग्राम पुन्हा संकलित करावा लागत नाही. एनएस-३ मध्ये तीच सोय हवी असेल तर प्रोग्रामला कमांड लाइनवरून मूल्ये घेण्याची व्यवस्था करतात.