अन्वर पाशा : गाझी की गुन्हेगार?

तुर्कीत 'एन्वर', आपल्याकडे 'अन्वर'. खिलाफत चळवळीच्या पिढीला या नावाचे मोठे आकर्षण होते. त्या आकर्षणामुळे एक प्रश्न मात्र मागे पडला : या माणसाने उम्मतला नेमके काय दिले?

१८८१ साली इस्तंबूलमध्ये जन्मलेला हा तरुण अधिकारी १९०८ च्या क्रांतीत नायक ठरला. १९११ मध्ये तो लिबियात इटलीशी लढला. १९१३ च्या जुलैत बल्गेरियाकडून एदिर्ने परत घेताना तो आघाडीवर होता. १९१४ मध्ये युद्धमंत्री झाला, सुलतानाच्या पुतणीशी विवाहसोहळा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीशी गुप्त करार करून त्याने साम्राज्य महायुद्धात लोटले.

डिसेंबरमध्ये सारिकामिशच्या बर्फाळ डोंगरांत रशियावर चढाई करायचे ठरले. ऐन हिवाळ्यात हल्ला नको, असे सेनापती हसन इज्जत पाशांचे मत होते. अन्वरने त्यांना दूर करून सूत्रे स्वतः घेतली. हजारो सैनिक शत्रूची गोळी लागण्याआधीच थंडीने गोठून मेले. १९१५ मध्ये आर्मेनियन प्रजेला घरादारातून हुसकावून वाळवंटाकडे हाकलण्यात आले, लाखो जीव गेले. त्या सरकारच्या तीन प्रमुखांपैकी अन्वर एक होता. बेगुनाहाचा खून हा आपल्या दीनमध्ये साऱ्या मानवजातीचा खून आहे. मरणारा आर्मेनियन होता म्हणून हा हुकूम बदलत नाही.

१९१८ च्या पराभवानंतर तो देशाबाहेर पळाला. पुढच्या वर्षी इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयाने त्याला गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. १९२१ मध्ये बोल्शेविकांच्या बाजूने तो बुखाऱ्यात गेला आणि तिथे त्यांच्याच विरुद्ध बसमाची बंडखोरांना जाऊन मिळाला.

४ ऑगस्ट १९२२, बकरी ईदचे दिवस. आजच्या ताजिकिस्तानातील बालजुवानजवळ तो मारला गेला. कसा? एका हकिकतीनुसार, तो घोड्यावरून मशीनगनवर चालून गेला आणि छातीत गोळी लागून पडला. लाल सेनेचा आर्मेनियन वंशाचा अधिकारी मेलकुमोव याच्या आठवणी सांगतात की, आधी निसटलेल्या अन्वरला पाठलाग करून गाठण्यात आले. एकाला शहीद हवा होता, दुसऱ्याला शिकार. १९९६ मध्ये त्याचे अवशेष इस्तंबूलला आणून दफन केले गेले, पण वाद काही दफन झाला नाही.

अखेरचा क्षण शौर्याचा असेलही. पण त्या एका क्षणाने सारिकामिशचा बर्फ वितळत नाही आणि आर्मेनियन मातांचे अश्रूही सुकत नाहीत. आपल्या नायकांचा हिशेब आपणच मांडायला हवा. दुसऱ्यांनी मांडला की आपण त्याला बदनामी म्हणतो. आपण मांडला तर त्याला इतिहास म्हणता येईल.