पुसली न जाणारी नक्षी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत आपल्यापैकी बरेचजण लहानपणी जाऊन आलेले असतात. तिथे हत्ती, माकडं, पाणघोडा सगळं बघून होतं. पण त्याच आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरणारे त्या मानाने कमी. आणि जे शिरतात ते मातीच्या बाहुल्या, नकाशे आणि वरचं सोनेरी छत बघून बाहेर पडतात. पुढच्या वेळी गेलात तर माझं एक ऐका, जरा खाली बघा. पायाखालची फरशी बघण्यासारखी आहे.

हे संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, डॉ. भाऊ दाजींचं नाव त्याला १९७५ मध्ये मिळालं. जमिनीवर आहेत त्या मिंटनच्या फरश्या, म्हणजे इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारांच्या शहरातून नाव झालेल्या कारखान्याच्या. मिंटनच्या ज्या फरश्यांचा जगभर बोलबाला झाला, त्यांच्यावरची नक्षी रंगवलेली नसते. रंगवलेली असती तर इतक्या चपलांखाली ती कधीच उडून गेली असती. तिथे नक्षी फरशीच्या अंगातच असते. एका रंगाच्या मातीच्या चौकोनात नक्षीच्या आकाराचे खळगे करायचे, त्यात दुसऱ्या रंगाची माती भरायची आणि दोन्ही एकत्र भाजायच्या. खळगा काही मिलिमीटर खोल असतो. तेवढी जाडी झिजेपर्यंत नक्षी काही जात नाही. याला म्हणतात एन्कॉस्टिक टाइल. (ग्रीक शब्दाचा अर्थ 'भाजून आत घातलेली'. मुळात तो मेणाच्या रंगांनी केलेल्या चित्रांसाठीचा शब्द, व्हिक्टोरियन लोकांनी तो फरशीला चिकटवला आणि तो चिकटला तो चिकटलाच.)

मी इंग्लंडच्या मधल्या भागात राहतो आणि माझा पोटापाण्याचा उद्योगही भाजलेल्या पदार्थांशीच, म्हणजे सिरॅमिक्सशी, संबंधित आहे. त्यामुळे या फरशांच्या नादाला लागणं ओघानेच आलं. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि ती डोक्यातून जाईना. ऐकायला इतकी सोपी वाटणारी ही कला इंग्लंडने एकदा नव्हे, दोनदा हरवली आणि दोनदा शोधून काढली.

पहिल्यांदा काय झालं ते बघू. तेराव्या शतकाच्या मध्यात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये धर्मगुरूंच्या सभेसाठी एक अष्टकोनी दालन बांधलं, चॅप्टर हाऊस. त्याची जमीन अशाच फरशांची आहे. तेव्हाची पद्धत अशी: लाल मातीची वडी थापायची, ती जरा घट्ट झाली की कोरलेला लाकडी ठसा तिच्यावर दाबायचा, पडलेल्या खळग्यात पांढरी माती भरायची, वरून खरवडून सपाट करायची, शिसं असलेली झिलई द्यायची आणि लाकडाच्या भट्टीत भाजायची. शिशाच्या झिलईमुळे पांढरी माती मधासारखी पिवळसर दिसते आणि लाल माती तांबूस तपकिरी. दोनच रंग, पण मठांच्या आणि चर्चच्या जमिनी त्यांनी उजळून निघाल्या. पुढे चौदाव्या शतकात बकिंगहॅमशायरमधल्या पेन या गावी तर हा धंदाच झाला, तिथल्या फरश्या दूरदूर जात.

मग आठवा हेन्री आला. १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत त्याने इंग्लंडमधले मठ बरखास्त केले. गिऱ्हाईकच संपलं म्हटल्यावर कारागीर काय करणार? घराची कौलं करायला लागले असतील, विटा पाडायला लागले असतील. कोणी या कलेवर बंदी घातली नव्हती, फक्त ऑर्डर येईनाशा झाल्या. बाप मुलाला शिकवत होता ते शिकवायचं कारण उरलं नाही आणि काही पिढ्यांत ही फरशी करता येणारा माणूस उरला नाही. चॅप्टर हाऊसची जमीन मात्र वाचली, तीही गमतीने. तिथे सरकारी दप्तरखाना झाला, जमिनीवर लाकडी फळ्या ठोकल्या आणि त्या फळ्यांखाली फरश्या झाकून राहिल्या.

यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, १८३० साली, स्टोकजवळच्या शेल्टनच्या सॅम्युएल राइट नावाच्या माणसाने अशा फरशांचं पेटंट घेतलं. लाकडी ठशाऐवजी त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे वापरले. पण पेटंट मिळणं वेगळं आणि धंदा चालणं वेगळं. राइटचं काही जमलं नाही आणि ते हक्क वूस्टरचा चेंबरलेन आणि स्टोकचा हर्बर्ट मिंटन यांच्याकडे गेले. मिंटन (१७९३-१८५८) हा कपबशा करणाऱ्या कारखानदाराचा मुलगा, खिशात पैसे आणि अंगात चिकाटी असलेला. त्याचीही सुरुवातीची वर्षं फुटक्या फरशांचे ढीग बघण्यातच गेली.

अडचण कुठे होती? आपल्याकडे आया-मावश्या ब्लाऊज शिवायला देताना सांगतात, 'अस्तर आधी भिजवून घ्या हो!' न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. मातीचंही तसंच आहे. ओली माती वाळताना आकसते आणि भाजताना आणखी आकसते. दोन्ही मिळून शेकडा दहा म्हटलं, तर सहा इंचाची फरशी हवी असताना ओली फरशी साडेसहा इंचाहून मोठी करावी लागते. आता एकाच फरशीत दोन माती आहेत. त्यांच्या आकसण्यात शेकडा एकाचाच फरक पडला, तरी चार इंचाच्या नक्षीभोवती एक मिलिमीटरची फट पडते. भरलेली माती जास्त आकसली तर ती सुटून खळग्यातून निघून येते. कमी आकसली तर बाहेरची माती तिच्याभोवती आवळत जाते आणि फरशीच तडकते. चुण्या पडलेलं कापड इस्त्रीने थोडं तरी सुधारतं, इथे ती सोय नाही!

मिंटनच्या पद्धतीत हे आणखी अवघड होतं, कारण खळग्यात भरायची माती रबडीसारखी पातळ असे. पाणी जास्त म्हणजे आकसणं जास्त. त्यातून त्याला दोन रंगांवर थांबायचं नव्हतं. निळ्यासाठी कोबाल्ट, तपकिरी-काळ्यासाठी मँगनीज, अशी एकेक धातूची भस्मं मातीत मिसळली की प्रत्येक रंगाची माती भट्टीत वेगळी वागते. मग चकमकीच्या दगडाची पूड घाल, आधी भाजून कुटलेली माती घाल, चिनी माती कमी-जास्त कर, असं करत प्रत्येक रबडी मूळ मातीच्या बरोबरीने आकसेल अशी जुळवावी लागते. आज माझ्यासारख्या माणसाकडे आकसणं मोजणारी यंत्रं आहेत. मिंटनकडे उष्णता मोजायला भट्टीवाल्याचे डोळे होते आणि एक प्रयोग म्हणजे भट्टीची एक खेप.

बसलेली पद्धत थोडक्यात अशी. साच्याच्या तळाशी नक्षी उठावाची असते. त्यावर बारीक मातीचा थर, त्यावर जाडीभरडी स्वस्त माती, पाठीला पुन्हा बारीक मातीचा थर. पाठीचा थर कशाला? दोन्ही बाजू सारख्या आकसाव्यात आणि फरशी पापडासारखी वाकू नये म्हणून. मग दाबयंत्राखाली दाबायचं. साच्यातून काढलं की वर नक्षीचे खळगे दिसतात. त्यात रंगीत रबडी ओतायची, ती वाळताना खाली बसते म्हणून काठोकाठच्या वर ओतायची. या वेळी फरशी म्हणजे नुसता चिखल माखलेला चौकोन दिसतो. काही दिवसांनी माती चामड्यासारखी झाली की पोलादी पात्याने वरचा थर तासायचा आणि तासता तासता खालून रेखीव नक्षी वर येते. त्यानंतर सावकाश, दोन-तीन आठवडे वाळवणं. मग फरश्या भाजक्या मातीच्या डब्यांत रचायच्या, म्हणजे कोळशाच्या धुराचा डाग पडत नाही आणि ते डबे बाटलीच्या आकाराच्या उंच भट्टीत एकावर एक चढवायचे. दोन-तीन दिवस भट्टी पेटती ठेवायची आणि मग तितक्याच धीराने निवू द्यायची. घाई केली की सगळं तडकलं.

१८४१-४२ मध्ये लंडनच्या टेम्पल चर्चची दुरुस्ती झाली तेव्हा नव्या जमिनीसाठी नमुने घेतले ते चॅप्टर हाऊसच्या त्या झाकलेल्या फरशांवरून आणि त्या केल्या मिंटनने. तीनशे वर्षांची तुटलेली साखळी अशी जोडली गेली. त्यात १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेची जुनी इमारत जळाली होती. नव्या इमारतीच्या सजावटीचं काम प्युजिनकडे होतं, तो मध्ययुगाचा वेडा आणि मिंटनचा मित्र. संसदेच्या मधल्या दालनात आजही मिंटनच्या फरश्या आहेत. १८५६ पासून त्या वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये बसू लागल्या आणि भायखळ्यालाही पोहोचल्या.

हे सगळं भरभराटीचं चित्र झालं. त्याची दुसरी बाजू स्टोकच्या हवेत होती. शेकडो भट्ट्यांचा काळा धूर, चकमकीच्या पुडीने छाती भरलेले कामगार, झिलईतल्या शिशाने आजारी पडणारी माणसं, त्यात बायका आणि लहान मुलंही. सुंदर फरशीबद्दल लिहिताना हे वगळणं बरं नाही.

आता गंमत बघा. १८४० साली रिचर्ड प्रॉसर नावाच्या माणसाने जवळजवळ कोरड्या मातीची पूड साच्यात जोराने दाबून बटणं करायची युक्ती काढली. पाणीच नाही म्हणजे वाळवणं नाही, आकसणंही कमी. या पेटंटातही हर्बर्ट मिंटनने पैसे घातले आणि त्या पद्धतीने भिंतीच्या टाइल्स होऊ लागल्या. आज आपल्या बाथरूममधल्या मोरबीच्या टाइल्स त्याच तत्त्वावर होतात. म्हणजे हाताची फरशी ज्याने परत आणली, त्यानेच तिची जागा घेणाऱ्या पद्धतीलाही हातभार लावला! पहिल्या महायुद्धानंतर आवडीनिवडी बदलल्या, मजुरी वाढली आणि एन्कॉस्टिकचे कारखाने एकामागून एक थंडावले. कला दुसऱ्यांदा हरवली, तीही कारखाने, पेटंटं, कॅटलॉग सगळं छापील असताना.

हे कळलं कधी, तर कॅपिटॉलच्या झिजलेल्या फरश्या बदलायची वेळ आली तेव्हा. मिंटनचे जुने साचे आणि नमुने स्टोकच्याच एच अँड आर जॉन्सन या कंपनीकडे होते. (आपल्याकडच्या जाहिरातींतलं 'जॉन्सन टाइल्स' हे नाव याच घराण्यातलं, भारतात १९५८ पासून.) १९८६ पासून त्यांनी कॅपिटॉलसाठी फरश्या पुन्हा केल्या. पण साचा सापडला म्हणून मातीचं प्रमाण सापडत नाही. कागदावर 'इतके भाग अमुक माती' असलं तरी ती खाण संपलेली असते. तासताना पातं किती कललेलं असावं, हे तर कागदावर कधी नव्हतंच. पुढे श्रॉपशायरमधल्या जॅकफील्ड गावात क्रेव्हन डनिलच्या जुन्या कारखान्याच्या जागी हे काम पुन्हा उभं राहिलं आणि २०११ नंतर ब्रिटिश संसदेच्या झिजलेल्या जमिनीसाठी तिथे हजारो फरश्या हाताने घडल्या.

इथे एक गैरसमज दूर करतो. आपल्या वाड्यांत आणि जुन्या चाळींत ज्या नक्षीच्या फरश्या दिसतात, त्या बहुतेक सिमेंटच्या असतात. त्या भाजत नाहीत. रंगीत सिमेंटचा थर साच्यात ओतून दाबतात आणि पाण्यात ठेवून पक्क्या करतात. फेरोझशा सिधवांनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या भरात सुरू केलेली भारत फ्लोअरिंग्ज ही त्यातली नावाजलेली. पण तत्त्व एकच: रंग वरवर न फासता जाडीत घालायचा.

आणि आता ताजी गोष्ट. ज्या जॉन्सनने कॅपिटॉलच्या फरश्या परत करून दिल्या, त्या कंपनीचं स्टोकमधलं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. गॅस महाग, बाहेरून येणारा माल स्वस्त. हाताचं काम आता थोड्याशा लहान कारखान्यांवर येऊन ठेपलं आहे. इंग्लंडमध्ये या फरशांची संग्रहालयं आहेत, पुस्तकं आहेत, साचे नीट जपलेले आहेत. पण हे सगळं मागच्या वेळीही बऱ्याच अंशी होतंच. फरशी करता येणारा हात टिकतो तो कोणीतरी फरशी मागवत राहिलं तरच. वाडा पाडताना, जुनी जमीन उखडताना हे आपल्यालाही आठवलं तर बरं. निदान चार धड फरश्या बाजूला काढून ठेवाव्यात आणि दुरुस्तीला त्याच कामातल्या माणसाला बोलवावं. त्याला काम मिळालं, तर त्याचा मुलगा ते शिकेल.