फुकट छत्री

आमचे मामा तसे शांत गृहस्थ. भाजीत मीठ कमी पडले तर न बोलता लोणच्याची फोड वाढून घेतील, पण तक्रार करायचे नाहीत. असे हे मामा गेल्या गणपतीत आमच्याकडे आले ते एका आगबोट कंपनीवर चांगलेच संतापून.

त्याचे असे झाले. मामांची मुलगी अमेरिकेत असते. तिच्याकडे जाता-येता मामा-मामींना फ्लोरिडातून सुटणाऱ्या सहलीच्या जहाजांची गोडी लागली. एकाच कंपनीच्या जहाजांतून त्यांनी सात सफरी केल्या. दुसऱ्या सफरीनंतर कंपनीने त्यांना 'आमचे नेहमीचे प्रवासी' म्हणून एक कार्ड दिले. पुढे कार्डाचा रंग बदलला, आणि रंगाबरोबर मानही वाढत गेला. कपडे फुकट धुऊन मिळू लागले, जहाजावर चढताना लांबलचक रांग चुकली, एका संध्याकाळी कप्तानाच्या मेजवानीचे बोलावणे आले. तिसरा रंग मिळाला तेव्हा मामींनी घरी शिरा केला होता!

आणि आता कंपनीचे पत्र आले. पत्राची सुरुवात मोठी गोड होती. 'आपल्यासारख्या निष्ठावंत प्रवाशांसाठी आम्ही आमची योजना अधिक चांगली केली आहे.' खाली बारीक अक्षरांत तो चांगुलपणा उलगडला होता. धुण्याची पिशवी साऱ्या सफरीत एकच. कप्तानाची मेजवानी बंद. आणि मामा ज्या पायरीवर होते, तीवर चढायला आता पूर्वीच्या दुप्पट रात्री बोटीवर काढायला हव्यात.

"अरे, मी यांचा जुना माणूस," मामा म्हणाले. "जुन्या माणसाला कुणी असं वागवतं का?"

मी प्रथम हसलो. पण मामांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरले. त्यांना पिशवीचे दुःख नव्हते. इतकी वर्षे आपण जिला ओळख समजत होतो, तो नुसता हिशेब होता की काय, या शंकेने ते खट्टू झाले होते. जुनी पुस्तके चाळण्याचा मला नाद आहे. मामांचा हा प्रश्न वाफेच्या जहाजांइतकाच जुना आहे, असे मला वाटू लागले, आणि त्या रात्री मी कपाट उघडले.

सहलीसाठी समुद्रप्रवास करावा, ही कल्पना युरोपात रुजली ती एका फुकट तिकिटाच्या खताने. १८४४ साली पी. अँड ओ. कंपनीने थॅकरे या इंग्रज लेखकाला भूमध्य समुद्राची सफर मोफत घडवली. हा थॅकरे जन्माने कलकत्त्याचा. त्याने परत येऊन प्रवासवर्णन लिहिले, ते १८४६ साली प्रसिद्ध झाले, आणि कंपनीचे नाव घरोघर गेले. काही मंडळींनी त्याबद्दल त्याला नावेही ठेवली. म्हणजे समुद्रावरची पहिली मोठी खातिरदारीदेखील कंपनीच्या वहीत जाहिरातीच्या खर्चाला पडली असणार.

याच कंपनीच्या बोटींतून साहेब लोक हिंदुस्थानात येत. त्या जुन्या काळी जेवणाबरोबरची दारू आणि बिअर भाड्यातच धरलेली असे. कितीही घ्या, वेगळा पैसा नाही. पुढे १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. तोवर अलेक्झांड्रियाला उतरून, वाळवंट ओलांडून सुएझला दुसरी बोट पकडावी लागे, आणि त्या अवघड वाटेवर या कंपनीची घडी पक्की बसलेली होती. कालव्यामुळे इतर कंपन्यांच्या बोटी थेट येऊ लागल्या. चढाओढ वाढली, भाडी उतरू लागली, आणि पुढच्या काही वर्षांतच पेल्यांचा वेगळा हिशेब सुरू झाला.

माणसाचा स्वभाव येथे पाहण्यासारखा आहे. भाडे दहा रुपयांनी उतरले तर आपण त्याची चार दिवसांत सवय करून घेतो. पण ताटातली एक वाटी उचलली तर ती रिकामी जागा जन्मभर दिसते. पंगतीत जिलबी पहिल्यापासून नसली तर कुणाची तक्रार नसते. वाढायला सुरुवात करून ती मधूनच आत नेली, की यजमानाची सात पिढ्यांची चौकशी होते!

पण सवलत काढून घेण्याचा हा प्रकार तसा सौम्यच म्हणायचा. सवलत देण्याचा इतिहास त्याहून चमत्कारिक आहे.

१८८४ च्या सुमारास रवींद्रनाथ ठाकुरांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी पूर्व बंगालात खुलना ते बारिसाल अशी स्वदेशी बोट सुरू केली. बोटीचे नाव 'सरोजिनी'. त्याच मार्गावर इंग्रजांची एक फ्लोटिला कंपनी होती. झाली चढाओढ सुरू! बारिसालची तरुण मंडळी धक्क्यावर उभी राहून उतारूंना स्वदेशी बोटीकडे वळवीत. इकडे भाडे उतरत उतरत शून्यावर आले, आणि त्यानंतर उतारूंना फुकट खाऊही मिळू लागला. रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत ही हकीकत मोठ्या मिस्कीलपणे सांगितली आहे. उतारूंची चंगळ झाली, देशभक्तीची लाट आली, पण गल्ल्यात काही पडेना. अखेर त्यांची 'स्वदेशी' नावाची बोट हावड्याच्या पुलापाशी बुडाली, आणि धंदा आटोपला.

याच नाटकाचा दुसरा आणि अधिक करुण प्रयोग दक्षिणेत झाला. टिळकांचे अनुयायी व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिन येथे स्वदेशी आगबोट कंपनी स्थापन केली. तुतिकोरिन ते कोलंबो हा मार्ग तोवर ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होता. स्वदेशी बोटी धावू लागताच त्या कंपनीने भाडे उतरवून रुपयावर आणले. स्वदेशीने आठ आणे केले. मग ब्रिटिश कंपनीने सांगितले, भाडेच नको, फुकट या. आणि वर प्रत्येक उतारूला एक छत्री बक्षीस!

ती छत्री माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कोलंबोच्या धक्क्यावर नवी कोरी काळी छत्री उघडून उतरणारा एखादा गरीब मजूर मला दिसतो. त्याला काय वाटले असेल? साहेबाने आपली कदर केली, असे वाटले असेल का? वाटले असले तर त्याला दोष कसा द्यावा? पण छत्री त्याच्या डोक्यावर धरलेली नव्हतीच. ती पिळ्ळैंच्या कंपनीवर उगारलेली काठी होती. १९०८ च्या मार्चमध्ये पिळ्ळैंना अटक झाली, राजद्रोहाबद्दल जबर शिक्षा झाली, तुरुंगात त्यांना घाण्याला जुंपले. पाठीमागे कंपनी मोडली, आणि 'गॅलिया' ही तिची बोट विकली गेली ती त्याच प्रतिस्पर्ध्याला. पुढच्या उतारूला छत्री देण्याचे मग कारणच उरले नाही.

मामांच्या कार्डाचे खरे पूर्वज मात्र मला उतारूंच्या नव्हे, मालाच्या इतिहासात सापडले. १८७० नंतर इंग्लंड आणि कलकत्ता यांच्यामधल्या बोटकंपन्यांनी आपसांत एकोपा करून एक युक्ती काढली. १८७७ साली ती अमलात आली. व्यापाऱ्याने भाडे पूर्ण भरायचे. सहा महिने सगळा माल याच कंपन्यांच्या बोटींतून पाठवला, तर शेकडा दहा सूट त्याच्या नावे जमा. पण ती लगेच हातात मिळायची नाही. पुढचे सहा महिनेही तो एकनिष्ठ राहिला, तरच मिळायची. मध्येच एखादी गासडी दुसऱ्याच्या बोटीत चढली, की साचलेली सारी सूट गडप!

आपल्याच घरच्या गड्याला यंदाच्या दिवाळीची बक्षिसी पुढच्या दिवाळीला देऊ, आणि तीही तोवर दुसरीकडे पाऊल टाकले नाहीस तर, असे म्हणण्यासारखेच हे झाले. नाव सवलतीचे, काम बेडीचे. नव्या देशी कंपनीला माल मिळेना, तो यामुळेच. बोटी होत्या, व्यापाऱ्यांची सहानुभूती होती, पण साचलेल्या पैशावर पाणी सोडायला कोण तयार होणार? मामांनी सात सफरींत साठवलेल्या रात्री आणि त्या व्यापाऱ्याची अडकून पडलेली सूट, यांत मला फारसा फरक दिसेना. दुसऱ्या कंपनीच्या जहाजात पाय ठेवायचा, तर पहिल्या पायरीपासून सुरुवात!

आणि निष्ठेची गोष्ट निघालीच आहे, तर 'निष्ठा' नावाच्या बोटीची हकीकत सांगायलाच हवी. कॅनडाच्या एका कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही बोट पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली, जखमी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय केले, आणि साम्राज्यावरील इमानाची खूण म्हणून तिचे नाव ठेवले 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर ती घेतली कुणी? सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या सिंदिया कंपनीने. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. साम्राज्याच्या निष्ठेची बोट अशी साम्राज्याच्या मक्तेदारीला आव्हान द्यायला निघाली! नाव तेच, निष्ठा मात्र बदलली. पुढे १९२३ साली बोट मोडीत निघाली, पण कंपनी टिकली.

वाचक म्हणतील, ही सगळी परमुलखाची आणि कंपन्यांची कथा झाली. आपल्या कोकणच्या बोटीचे काय? तिचे सांगायचे तर मला पुस्तक उघडावे लागत नाही. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आम्ही मालवणला जात असू. सवलत नावाचा प्रकार त्या बोटीवर औषधालाही नव्हता. धक्क्यावर धावत सुटायचे, डेकवर वळकटी पसरून जागा अडवायची, शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्याशी जमवून घ्यायचे. विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत बोट जाई. बंदर आले की बोट खोल पाण्यात उभी राही, आणि खाली हिंदकळणाऱ्या पडावात खलाशी माणसांना अक्षरशः झेलून घेत. पावसाळ्यात बोट बंद. तरीही कोकणी माणूस तिला 'आपली बोट' म्हणे. स्वदेशीच्या काळात निघालेल्या एका देशी बोटकंपनीला तर लोकांनी नावच 'माझी आगबोट कंपनी' असे पाडले होते. केवढे ते 'माझी'! कुठल्याही रंगाच्या कार्डावर ते छापून येत नाही.

पण त्या मायेलाही समुद्राने हिशेब विचारला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून आमच्या आजीच्या लेखी बोटीचे मोल एकाच गोष्टीत होते. धक्क्यावर उतरली की ती समुद्राला हात जोडी आणि म्हणे, "पोचलो." भाडे किती झाले, खायला काय मिळाले, हे नंतर. पुढे १९८० च्या दशकात ती प्रवासी बोट बंद पडली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे सर्वत्र धावू लागली, आणि वळकट्या माळ्यावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना हे सारे मी मामांना सांगितले. ते ऐकत होते. छत्रीशी आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर थोडे हसू उमटले.

"म्हणजे माझी धुण्याची पिशवी ही ती छत्रीच म्हणायची," ते म्हणाले. "दुसरी कंपनी शेजारी उभी आहे तोवर माझ्या डोक्यावर."

"तसंच काहीसं," मी म्हटले.

इतका वेळ मामी गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "यांचं आपलं पिशवी-पिशवी चाललंय. मला वाईट वाटतं ते त्या पोराचं."

पोर म्हणजे त्यांची खोली आवरणारा गोव्याचा तरुण, साष्टीतला. गोव्यात अशांना तारवटी म्हणतात. पिढ्यान् पिढ्या आगबोटींवर नोकरी करून त्यांनी गावाकडे घरे उभी केली. मामी मालवणच्या, त्यामुळे दोघांचे आपापल्या बोलीत छान जमे. पाचव्या सफरीत तो प्रथम भेटला. रोज संध्याकाळी तो टॉवेलाचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवी. मामींचा चहा बिनसाखरेचा, हे त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. सातव्या सफरीत योगायोगाने तोच पुन्हा भेटला. पण आता खोली दिवसातून एकदाच आवरायची असा नियम झाला होता, आणि त्याच्याकडे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त खोल्या दिल्या होत्या.

"हत्ती नव्हता यंदा," मामी म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी धावत आला बिचारा. म्हणाला, मावशी, वेळच मिळाला नाही. आणि चहा घेऊन आला. बिनसाखरेचा."

मामा काही बोलले नाहीत. ते पत्र त्यांनी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवले.

इतिहास मला एवढेच शिकवतो, की कंपनीला आठवण नसते, वही असते. वहीतली पाने उलटतात, नवा कारकून नवे रकाने आखतो, आणि जुन्या माणसाची बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्यात रागावण्यासारखे फारसे नाही. छत्री मिळाली तर उघडावी, काढून घेतली तर ऊन सोसावे. फक्त ती कुणी, कुणासाठी उघडली होती, याचा विसर पडू देऊ नये. आठवण ठेवतात ती माणसे. आणि आपली निष्ठा द्यायचीच झाली, तर ती तिथे द्यावी.

मामा-मामी या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहेत. कोणत्या कंपनीच्या जहाजाने, ते मी विचारले नाही. पण परवा फोनवर मामी घाईत होत्या. चकल्यांची भाजणी भाजायला घेतली होती. एक डबा मुलीचा, आणि एक छोटा डबा वेगळा.

"तो भेटेलसं नाही," त्या म्हणाल्या, "पण कुणीतरी साष्टीतला असेलच की."