पेट्रोलच्या बाष्पाचा माग

जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी कोठे बसविलेली असे, हे ज्यास ठाऊक आहे, त्यास तिच्या गळतीचा निम्मा इतिहास आपोआप कळतो. फोर्ड आणि शेव्हरोले यांच्या पिकअपमध्ये १९७२ च्या मॉडेलपर्यंत ही टाकी बहुधा केबिनच्या आत, चालकाच्या बैठकीमागेच असे. त्यामुळे एखादी रबरी नळी चिरली, तर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडताच वासाचा भपकारा येई आणि मालक केवळ नाकाच्या साक्षीवर दोषाचे ठिकाण धुंडाळू लागे. १९७३ पासून टाकी केबिनबाहेर, गाडीच्या सांगाड्यालगत गेली आणि ही साक्ष दुर्बळ झाली.

तथापि सर्वांत मोठी वाट कारखान्यानेच मोकळी ठेवलेली होती. टाकीला हवा खेळती राहावी म्हणून झाकणास किंवा नळीस छिद्र असे, कार्बुरेटरमधील पेट्रोलही बाह्य हवेस उघडे असे, आणि गाडी दिवसभर नुसती उभी राहिली तरी उन्हाच्या तापाने बाष्प निघून जाई. यात कोणाचा कसूर आहे, असे कोणासही वाटत नसे.

ते वाटू लागले लॉस एंजेलिसमध्ये. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळे झोंबविणारे असे दाट धुरके उतरले, की युद्धाच्या त्या दिवसांत शत्रूने विषारी वायू सोडला असावा, अशी शंका नागरिकांस आली. त्याचा उलगडा पुढे आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने केला. अननसाच्या सुगंधाचे पृथक्करण करण्यात गढलेल्या या कॅलटेकच्या प्राध्यापकाने, पेट्रोलमधील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो, हे १९५० च्या सुमारास दाखवून दिले. सुगंधाचा अभ्यासक हवेच्या विकाराचा निदानकर्ता ठरावा, हा योग मला या साऱ्या इतिहासातील अत्यंत सुंदर योग वाटतो.

त्यानंतर कायदा आला. १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून सर्व देशात, टाकीतील बाष्प कोंडून ठेवण्याची तजवीज नव्या गाड्यांत सक्तीची झाली. गाडी उभी असता सक्रिय कोळशाच्या डब्याने बाष्प शोषून घ्यावयाचे आणि इंजिन चालू झाले की त्याच्या ओढीने ते आत नेऊन जाळावयाचे, अशी ही योजना होती. वाट बंद झाल्यावरच फट हा दोष ठरला. मापनही आले: १९७८ पासून संपूर्ण गाडी बंद खोलीत ठेवून निसटलेले बाष्प ग्रॅममध्ये मोजले जाऊ लागले.

परंतु खोलीतील परीक्षा नव्या गाडीची. गंजलेल्या नळकांड्याच्या, दोन टाक्या वाहणाऱ्या पिकअपचे काय? १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या स्वयं-तपासणीच्या पद्धतीत गाडीतील संगणक स्वतःच टाकीची हवा कोंडून दाब टिकतो की नाही हे पाहू लागला. प्रारंभी ०.०४० इंच म्हणजे सुमारे एक मिलिमीटर, आणि पुढे त्याच्या निम्म्या छिद्राचीही नोंद होऊ लागली. तथापि गळती आहे एवढेच तो सांगतो, कोठे आहे ते सांगत नाही. म्हणून मिस्त्री खनिज तेलाचा धूर अत्यल्प दाबाने नळीत सोडतो आणि विजेरीच्या झोतात तो कोठून बाहेर येतो हे पाहतो. टाकीच्या माथ्यावर, हात न पोहोचणाऱ्या जागी फट निघाली, तर कित्येकदा मागचा हौदाच उचलावा लागतो. हे काम चिकाटीचे आहे, आणि निमूटपणे ते करणाऱ्या कारागिरांचे ऋण शहरांच्या हवेवर आहे.

ओबीडी-२ पूर्वीच्या गाड्यांसाठी कॅलिफोर्नियाने २००७ च्या डिसेंबरात कमी दाबाची बाष्पपरीक्षा लागू केली. तिच्या कक्षेत १९७६ ते १९९५ पर्यंतची मॉडेले आली. १९७५ आणि त्यापूर्वीच्या गाड्यांना मात्र राज्याच्या धूरतपासणीतूनच माफी आहे. अशा गाड्या थोड्या उरल्या आहेत हे मान्य करूनही, कोळशाचा डबा ज्यांत प्रथम बसविला गेला त्या पाच-सहा वर्षांच्या मॉडेलांना तरी ही माफी नसावी, असे माझे मत आहे.