जुने पैठण

जुने पैठण हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण शहराचा मूळ वस्तीचा भाग होय. गोदावरीच्या उत्तर तीरावर, शतकानुशतके साचत गेलेल्या उंच पांढरीवर तो वसलेला आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील बाजारपेठ म्हणून तिचा उल्लेख आहे.

== पांढर ==
महाराष्ट्रात शेतजमिनीला ‘काळी’ व गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. मातीच्या भिंती ढासळतात, त्याच जागी नवे घर उभे राहते. चुलीची राख, खापरे, विटा तेथेच गाडल्या जातात. अशा रीतीने भूमी उंचावत जाते. पैठणच्या पांढरीतून सातवाहनकालीन नाणी, मणी व मृण्मूर्ती मिळाल्या आहेत. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने १९३० च्या दशकात गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. १९९० च्या दशकात भारतीय व ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांना येथे आरंभिक मध्ययुगातील विटांच्या मंदिरांचे अवशेष सापडले.

मात्र प्राचीन नगरावर आजही माणसे राहतात, त्यामुळे उत्खननाला वाव मोकळ्या जागांपुरताच उरतो. वस्तीनेच हे थर झाकून राखले आणि नव्या इमारतींचे खोल पाये तेच कापून काढतात. भिंती व धाब्यांसाठी पांढरी माती खणून नेण्याची जुनी चालही अशा टेकाडांना घातकच ठरली आहे.

== वास्तू ==
अरुंद, चढउतारांच्या गल्ल्या व लाकडी कोरीवकामाचे वाडे ही या भागाची ओळख. संत एकनाथांचा राहता वाडा ‘गावातील नाथमंदिर’ म्हणून ओळखला जातो. समाधिमंदिर मात्र वस्तीबाहेर नदीकाठी आहे. फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथषष्ठीच्या यात्रेत, दोन्ही ठिकाणी वारकऱ्यांची दाटी होते. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा नागघाटाशी निगडित आहे. नक्षीदार दगडी तीर्थखांबही याच परिसरात आहे.

== नदी व धरण ==
शहराच्या वरच्या अंगास १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले. तेव्हापासून घाटांवरचे पाणी बव्हंशी धरणातील विसर्गावर अवलंबून असते. एरवी पायऱ्या उघड्या पडतात. मोठ्या विसर्गाच्या वेळी सखल वस्तीत पाणी शिरते. २००६ च्या पावसाळ्यात तसे घडले होते.